दालमिल टाकली तरी वसुली सुटणार नाही

ताई, नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातला. वय २९, बी.कॉम. झालेला. सव्वाचार वर्षांपासून एका मायक्रोफायनान्स कंपनीत फील्ड ऑफिसर आहे. पगार हातात २१ हजार, पेट्रोलचे वेगळे. सकाळपासून गावोगावी महिला गटांच्या बैठका घ्यायच्या, हप्ते गोळा करायचे आणि ज्यांचे थकले त्यांच्या दारात जाऊन बसायचं. यंदा सोयाबीन पावसात गेलं, तेव्हापासून थकबाकी वाढली आणि वरून दबावही वाढला. ‘पैसे घेतल्याशिवाय उठायचं नाही’ असा मेसेज रोज ग्रुपवर येतो. गेल्या महिन्यात एका बाईने कानातले काढून माझ्या हातावर ठेवले. मी ते परत केले, पण तेव्हापासून धड झोप नाही. सकाळी गाडी काढताना पोटात गोळा येतो.

मला गावात मिनी दालमिल टाकायची आहे. आमच्याकडे प्रत्येकाच्या पऱ्हाटीत तुरीचे तास असतात आणि दाळ करायला लोक तालुक्याला जातात. यंत्र, मोटर, शेड धरून साडेसात लाखांचं कोटेशन आणलं आहे. जवळ दोन लाख चाळीस हजार आहेत. एजंट म्हणतो, सबसिडी मी मिळवून देतो. थोडी तूर स्वतः विकत घेऊन, दाळ करून, पाकिटं पुण्या-नागपूरला विकायचाही विचार आहे. तूर जानेवारीत निघते, म्हणून डिसेंबरातच राजीनामा द्यावा असं मनात आहे. बाबा म्हणतात, “लागली नोकरी कायले सोडून रायला बाबू? पाच एकर कोरडवाहूत मी काय उपटलं ते पाहून घे.” आणखी एक. माझं साक्षगंध झालं आहे, लग्न मे महिन्यात. मुलीकडच्यांनी नोकरी पाहूनच होकार दिला. त्यांना आत्ता सांगू की लग्न झाल्यावर?
– एक वाचक, जि. यवतमाळ

*

तू मला ताई म्हटलंस, तेव्हा मीही तुला ‘तू’च म्हणते. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते, कारण त्यात घोळ घालण्यासारखं काही नाही. आत्ता सांग. आणि सगळ्यांत आधी त्या मुलीला सांग. सोयरीक जुळवणाऱ्या मामांमार्फत नाही, फोनवर घाईघाईत नाही. समोर बसून, कागदावरचे आकडे दाखवून सांग. तिच्या वडिलांनी नोकरी पाहून होकार दिला असेल, पण संसार तिला करायचा आहे. राजीनाम्याची बातमी तिला लग्नानंतर सासरी कळली, तर पुढे दालमिल कितीही चालली तरी ती गोष्ट तिच्या मनातून जायची नाही. सोयरीक मोडेल ही भीती खरी आहे. आपल्याकडे कास्तकाराच्या पोरांची लग्नं कशी रखडली आहेत ते मला सांगायला नको. पण ती ‘नको’ म्हणाली, तर तो तिचा हक्क आहे. ‘हो’ म्हणाली, तर तुला पहिली भागीदार मिळाली. तिचं शिक्षण किती, तिला हिशेबात गोडी आहे का, याबद्दल तू पत्रात एक अक्षर लिहिलेलं नाहीस. मला ते खटकलं.

आता नोकरी. मी बरीच वर्षं बँकेच्या ग्रामीण शाखेत कर्जाच्या टेबलावर काढली आहेत. कर्ज देताना गोड बोलणारी माणसं वसुलीला कशी बदलतात ते मी जवळून पाहिलं आहे. तुला झोप येत नाही, यात लाज वाटण्यासारखं काही नाही. कानातले हातावर आले तरी ज्याला गाढ झोप लागते, त्याची मला जास्त काळजी वाटली असती. (पोटातला गोळा आणि जागरण असंच चालू राहिलं तर एकदा डॉक्टरला दाखव. ते सहन करण्यात मर्दुमकी नाही.)

एक गोष्ट मात्र तुला माहीत असायला हवी. दारात ठाण मांडून बसायला लावणं हे तुझ्या साहेबांच्या मर्जीवर सोडलेलं नाही. रिझर्व्ह बँकेचे मायक्रोफायनान्सचे नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. वसुली कंपनी आणि कर्जदार दोघांनी मिळून ठरवलेल्या ठिकाणीच करायची. सलग दोन किंवा जास्त वेळा कर्जदार तिथे आला नाही, तरच त्याच्या घरी किंवा कामावर जायचं. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायचा नाही. धमकी, शिवीगाळ, शेजाऱ्या-नातेवाइकांसमोर अपमान हे तर नाहीच नाही. शिवाय घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. ज्या घरांना तीन-तीन कंपन्यांनी कर्ज वाटलं, तिथे हे गणित आधीच मोडलेलं आहे. ग्रुपवरचे ते मेसेज पुसू नकोस, जपून ठेव. उद्या कोणी तक्रार केली तर पहिलं नाव दारात बसणाऱ्याचं येईल, मेसेज टाकणाऱ्याचं नाही.

आता मुख्य मुद्दा, आणि तो तुला आवडणार नाही कदाचित. तुला वाटतंय की दालमिल टाकली की दारोदार पैसे मागणं संपलं. गावातल्या कुठल्याही धंद्यात पैसे मागणं संपत नाही. दालमिलमध्ये तर ते जास्त अवघड आहे. आज तू परक्या गावात, कंपनीचं कार्ड गळ्यात घालून, कंपनीचे पैसे मागतोस. उद्या आपल्याच गावात, सख्ख्या काकाला, शाळेतल्या मास्तरला, बाबांच्या वावराला ज्यांचा धुरा लागून आहे त्यांना स्वतःचे पैसे मागशील. “दोन पोते दाळ करून दे, पैसे कापूस विकल्यावर देतो” असं म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. पण कापूस विकल्यावर आधी कृषी केंद्रवाल्याची उधारी असते, मग सोसायटी, मग पोरीची फी. तुझा नंबर येईपर्यंत पुढचा मृग लागतो. आणि तू मागायला गेलास की बोलणी अशी होतात, “आधी कंपनीसाठी फिरत होता, आता स्वतःसाठी फिरून रायला.”

म्हणून स्वतःला विचार, त्रास नेमका कशाचा आहे? पैसे मागण्याचाच असेल तर धंदा तुझ्यासाठी नाही, दुसरी नोकरी बघ. पण ज्याच्याकडे खरंच नाही त्याच्याकडे, वरून आलेल्या टार्गेटसाठी मागावं लागतं याचा त्रास असेल, तर ती वेगळी गोष्ट. तो त्रास दालमिलमध्ये राहणार नाही. तुझं पत्र वाचून मला हे दुसरंच कारण वाटतं, कारण कानातले परत करण्याचा निर्णय तू जागेवर घेतलास. असा माणूस वसुली करू शकतो. कोणाला थांबायचं आणि कोणाला नाही, हे त्याला कळतं. ही समज तुला या नोकरीनेच दिली आहे. कोणत्या घरात पैसा कुठल्या महिन्यात येतो, हे तुझ्याइतकं बँकेच्या मॅनेजरलाही माहीत नसतं.

तर नियम पहिल्या दिवसापासून भिंतीवर हवा. दर काय, दाळ नेताना मजुरी रोख, आणि चुनी-भुसा (दाळ करताना निघणारा चुरा आणि साल) कोणाचा. हे तिसरं लोक लिहीत नाहीत आणि भांडणं तिथेच होतात. ढोरं असलेला माणूस चुनी सोडत नाही. दुसरं भांडण उताऱ्याचं. शंभर किलो चांगल्या तुरीची सत्तर ते पंचाहत्तर किलो दाळ पडते, पोचट किंवा किडकी असली की आणखी कमी. “माझी दाळ कमी कशी आली?” हे ऐकावंच लागेल. आणल्यावर त्याच्यासमोर वजन, नेताना त्याच्यासमोर वजन, वहीत सही. तुला पावत्या फाडायची सवय आहेच.

आता आकडे. तू कोटेशन आणलंस, पण गिऱ्हाईक मोजलंस का? पत्रात तरी दिसलं नाही. आपण मोजू. तुझ्या गावात समजा २५० घरं आहेत. घरच्या खाण्यासाठी एक कुटुंब फार तर क्विंटलभर तुरीची दाळ करतं, बाकीची तूर बाजार समितीत जाते. काहींकडे अजून जातं आहे, काही तालुक्याच्या ओळखीच्या मिलवाल्याला सोडणार नाहीत. निम्मी घरं आली असं धर. १२५ क्विंटल. मजुरी क्विंटलला ५०० रुपये धरली तर अख्ख्या हंगामाचे ६२,५०० रुपये. त्यातून वीज, दोन बाया मजुरीला, रोलर-चाळण्यांची झीज आणि तेल वजा कर, चाळीस हजार उरले तर बरं. तुझा पगार वर्षाला अडीच लाख आहे. म्हणजे गाव एक नाही, सहा लागतील. हा हिशेब खोडायचा असेल तर खोड, मला आनंदच होईल, पण तुझ्या गावचे खरे आकडे घेऊन खोड.

सहा गावांची ७५० क्विंटल तूर जानेवारी ते मे यातल्या कामाच्या शंभरेक दिवसांत काढायची, तर रोजची सात-आठ क्विंटल झाली. यंत्र तासाला किती काढतं हे विकणारा छातीठोकपणे सांगेल. त्यावर जाऊ नकोस. तुरीची दाळ नुसती यंत्रात होत नाही. आधी रोलरवर साल खरवडायची, तेलाचा हात लावायचा, उन्हात वाळवायची, पाण्याचा हबका मारून रात्रभर ढीग लावायचा, पुन्हा वाळवायची, मग भरडायची. एकेका घाण्याला दोन-चार दिवस जातात आणि प्रत्येकाची तूर वेगळी ठेवावी लागते. म्हणजे एका वेळी पंचवीस-तीस क्विंटल तूर उन्हात पसरलेली असणार. तेवढं सिमेंटचं खळं किंवा स्लॅब आहे का तुझ्याकडे? मार्चमध्ये अवकाळी आला तर झाकायला ताडपत्री, उचलायला हात आहेत का? मिलची खरी ताकद मोटरच्या हॉर्सपॉवरवर नाही, वाळवायच्या जागेवर ठरते. कोटेशनमध्ये मोटर आहे, खळं नाही.

वीजही विचार. शेतीच्या फीडरवर थ्री-फेज ठरावीक तास असते आणि तिच्यावर मिल चालवायची नाहीच. वावरातल्या पंपाच्या जोडणीवर दुसरं काम केलं तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने बिल येतं. औद्योगिक जोडणी तुझ्या गावठाणात मिळते का, खांब किती लांब, डिपॉझिट किती, हे महावितरणच्या कार्यालयात जाऊन लेखी घे.

सबसिडीबद्दल एजंट जे सांगतो ते अर्धंच खरं आहे. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना २०२० मध्ये सुरू झाली. तिच्यात प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान आहे आणि स्वतःचे किमान १० टक्के घालावे लागतात. तुझ्या साडेसात लाखांवर अनुदान होतं २ लाख ६२ हजार. पण ते हातात येत नाही. बँकेत वेगळ्या खात्यात पडून राहतं, आणि तीन वर्षं कर्ज नियमित राहिलं, मिल चालू राहिली, तर कर्जात वळतं होतं. मध्येच मिल बंद पडली की गेलं. आपल्या राज्यात ही योजना कृषी विभाग राबवतो. अर्ज भरून द्यायला जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात, त्यांचा मेहनताना सरकार देतं. तालुका कृषी अधिकाऱ्याच्या कार्यालयात आधी विचार, योजना आज चालू आहे का आणि कुठल्या निकषांवर, ते. एजंटला एक रुपया देऊ नकोस. उद्यम नोंदणीही फुकट असते, तिचेही हे लोक हजार-दोन हजार घेतात.

आणि हप्ता. स्वतःचे ७५ हजार घातले, अनुदानाचा वाटा बाजूला ठेवला, तरी चार लाखांच्या वर कर्ज उरतं. अकरा टक्के आणि पाच वर्षं धरली तर महिन्याला नऊ हजारांच्या आसपास. हा हप्ता ऑगस्टमध्येही येतो, जेव्हा ढगामुळे दाळ वाळत नाही आणि कोणाच्या घरात तूरही नसते. निंदणाची मजुरी न मिळालेल्या बाईला आठवड्याचा हप्ता का जड जातो, हे तुला माहीत आहे. तेव्हा आधी ठरव की जून ते डिसेंबर मिल काय खाणार. मिरची-हळदीचं कांडप, पिठाची गिरणी, हरभऱ्याची दाळ, काहीतरी बारमाही शेडमध्ये हवंच. माझ्या मते दळण आणि कांडप हा तुझा मुख्य धंदा आणि दालमिल हा हंगामी, असं धरलंस तर कागद जुळेल. उलटं धरलंस तर नाही.

स्वतः तूर घेऊन पाकिटं विकायचं पहिल्या वर्षी डोक्यातून काढ. पन्नास क्विंटल तूर साडेसात हजारांनी घेतली तरी पावणेचार लाख झाले. ते तुझ्याकडे नाहीत. शिवाय तुरीचा भाव कोणाच्या हातात नाही. २०१५ मध्ये तूरडाळ किरकोळ बाजारात दोनशे रुपये किलोवर गेली. ते पाहून सगळ्यांनी तूर पेरली, २०१६-१७ ला विक्रमी पीक आलं आणि ५०५० हमीभाव असताना कास्तकाराने त्याच्याही खाली विकली. म्यानमार आणि आफ्रिकेतून येणाऱ्या तुरीवर सरकार कधी शुल्क ठेवतं, कधी काढतं, तसा भाव हलतो. ज्याच्या गोदामात माल असतो तो यात एका हंगामात वर येतो नाहीतर बसतो. मजुरीवर दाळ करून देणाऱ्याला त्याची झळ कमी लागते. म्हणून पहिली दोन वर्षं मजुरीच.

मग करायचं काय? या जानेवारीत यंत्र विकत घेऊ नकोस. भाड्याने घे. शेतकरी गटांना आणि बचत गटांना योजनेत मिळालेल्या दालमिल कुलपात पडलेल्या मी पाहिल्या आहेत. अध्यक्षांच्या गोठ्याशेजारी, ताडपत्रीखाली. तुझ्या भागात तर तू रोज फिरतोस, तुला एखादी सापडणार नाही असं होणार नाही. ठरावीक भाडं किंवा क्विंटलमागे हिस्सा ठरवून एक हंगाम चालवायला घे. नेमणूकपत्रात दुसरा धंदा करायचा नाही असं कलम आहे का ते आधी वाच. असेल तर हे काम बाबांनी करावं. तू साठवलेली रजा काढून मार्चमधले गर्दीचे दिवस स्वतः उभा राहा. बाबांना यात घालण्याचं आणखी एक कारण आहे. ते नोकरी सोडायला नाही म्हणतात, दालमिलला नाही म्हणत नाहीत. पत्रातलं त्यांचं वाक्य तू पुन्हा वाच. पाच एकर कोरडवाहूत आयुष्य घातलेल्या माणसाला आकडे दाखवून पटत नाही. दाळ नेणारे लोक दारात उभे दिसले की पटतं.

शिकायचं तर अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली मिनी दालमिल बऱ्याच गावांत चालते. ती वापरणाऱ्या दोघा-तिघांकडे जाऊन बस. विकणाऱ्याने दिलेल्या यादीतल्यांकडे नको, स्वतः शोधलेल्यांकडे. बंद पडलेली एक तरी बघ आणि का पडली ते विचार.

तोवर नोकरीचं काय, हा प्रश्न राहतो. जुलैपर्यंत थांबता आलं तर थांब, असं मी म्हणेन. सलग ५ वर्षं पूर्ण झाली की ग्रॅच्युइटी मिळते. बेसिक १२ हजार असेल तर पाच वर्षांची साधारण साडेचौतीस हजार होते. म्हणजे जवळपास चार हप्ते. पीएफही ५ वर्षांच्या आत काढला तर कर कापला जाऊ शकतो. पण हे आकडे पोटातल्या गोळ्यापेक्षा मोठे नाहीत. बदली माग, वसुली नसलेलं काम माग, लेखी माग. नाही दिलं आणि सहनच होत नसेल, तर मधली एक वाट आहे जी तू पाहिलेली दिसत नाही. तुझ्या तालुक्यात आणि आजूबाजूला शेतकरी उत्पादक कंपन्या आहेत. त्यांना हिशेब ठेवणारा, गावं माहीत असलेला बी.कॉम. पोरगा हवा असतो आणि मिळत नाही. पगार चार-पाच हजारांनी कमी मिळेल. पण ज्यांच्याकडे दालमिल किंवा क्लीनिंग-ग्रेडिंग युनिट आहे अशा कंपनीत दोन वर्षं काढलीस, तर दुसऱ्याच्या पैशावर हा धंदा शिकशील. मुलीच्या वडिलांना सांगायला नोकरीही राहील.

तुझ्याकडचे दोन लाख चाळीस हजार पूर्ण यंत्रात घालू नकोस. लग्न मे महिन्यात आहे, आणि बाबा कितीही नाही म्हणोत, त्यातला खर्च तुझ्यावर येणारच. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला राहिला पाहिजे. लग्न साधं करता आलं तर कर, ही माझी फुकटची सूचना. मुलगी तयार असेल तर दोघं मिळून घरच्यांना सांगा, एकट्याने सांगशील तर कंजूष ठरशील.

राजीनामा देशील तेव्हा, आता दे की जुलैत, हे मात्र विसरू नकोस. तुमच्या कामात रोख हाताळली जाते, आणि माणूस गेल्यावर एखाद्या गटाच्या हिशेबात घोळ निघाला की बोट त्याच्याकडेच जातं. प्रत्येक केंद्राचा हिशेब पुढच्या माणसाला गटातल्या बायांसमोर दे. कोणी किती भरलं, कोणाचं किती थकलं याच्या यादीवर दोघांच्या सह्या घे, एक प्रत स्वतःकडे ठेव. कार्यमुक्तीचं पत्र आणि कसलंही येणं नसल्याचा दाखला हातात येईपर्यंत नोटीसचा काळ पूर्ण कर, मधूनच जाणं बंद करू नकोस. आणि रुजू होताना मूळ गुणपत्रिका ठेवून घेतल्या असतील, तर राजीनाम्याचा शब्द काढायच्या आधी त्या मागून घे. कारण काय सांगायचं? बँकेच्या कर्जासाठी लागतात म्हण. लागतीलच.